आज कोण नाय?

विश्वास हा कोणत्याही व्यवस्थेचा पाया असतो. हे वाक्य मुरबाडमध्ये एका फ्लेक्सवर हातभर उंचीच्या अक्षरांत छापलेलं होतं आणि ते मीच लिहून दिलं होतं. तो फ्लेक्स आता सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात, किराणा दुकानामागे, सरपणावर पसरलेला आहे. लाकडं कोरडी राहतात, असं दुकानदार सांगतो.

मी वाशिंदला राहतो आणि बॅकएंडचं काम करतो. वेबसाइटचा दिसणारा भाग दुसरे लोक करतात. बटण दाबल्यावर मागे जे घडतं, ते माझ्याकडे असतं. लग्नात मांडवामागे ज्या चुली पेटलेल्या असतात, तिथला मी माणूस. जेवण चांगलं झालं तर कौतुक वाढप्याचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काम चांगलं झालं तर कोणाला कळत नाही, हे या धंद्याचं वैशिष्ट्य मला पहिल्यापासून माहीत होतं. वाईट झालं तरी कधीकधी कळत नाही, हे उशिरा कळलं.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती सिद्धगडाखालच्या त्या गावात गेली आणि तिथल्या अंगणवाडीत सेविका झाली. गावात सगळे तिला बाई म्हणत, तिच्या नवऱ्यासकट. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो तेव्हा एकदा तिच्या अंगणवाडीत जाऊन बसलो होतो. हजेरीच्या वहीत मुलांची नावं ओळीने होती, पण ती नावं पुकारत नसे. दारात उभी राहून एकदा नजर फिरवायची आणि विचारायची, "आज कोण नाय?" मग पोरं एका सुरात न आलेल्याचं नाव सांगत, कारणासकट. अमका मामाकडं गेलाय. तमकीला उलट्या होतात. उलट्यावालीच्या घरी ती दुपारी जाऊन यायची आणि मगच वही भरायची. मला ती पद्धत अशास्त्रीय वाटली होती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, कल्याणला. दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी, त्यात चहा आणि आमटीही आली. ती एका स्टीलच्या लोट्याने मोजायची. "आयुष्यभर पोरांची खिचडी मोजली, आता स्वतःची तहान मोजते," म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही, तर मला म्हणाली, "हस रे, मापात हस."

मुरबाडला रेल्वे नाही. डोंगराखालून पहाटे निघून, एसटी बदलत, डायलिसिसला वेळेवर पोचणं धडधाकट माणसालाही जमणार नाही. मुरबाडच्या एका मंडळाची गाडी होती म्हणून ताईचं जमत होतं. सोमवारी आणि गुरुवारी ती गाडी शहापूरकडच्या, किन्हवली-डोळखांबच्या रुग्णांना नेई. मंगळवारी आणि शुक्रवारी मुरबाडच्या बाजूची फेरी असे. चालक पूर्वी काळी-पिवळी जीप चालवायचा. सगळे त्याला मामा म्हणत. मामांकडे वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही होती. तीत कोणाचाही फोन नंबर नव्हता. 'पिंपळाच्या पुढचं घर, म्हातारी, गाडी लागते, पिशवी ठेवणे.' 'चिंचेखाली, पाय धरून उतरवणे.' 'अंगणवाडीच्या बाजूला, बाई, तयार असते.' मामा घरापुढे हॉर्न देत. माणूस आलं नाही तर उतरून दार वाजवत.

गाडी वेळेवर येत होती आणि कोणी मागे राहत नव्हतं. म्हणजे सुधारणेला वाव होता. मंडळाच्या अध्यक्षांना सगळं डिजिटल करायचं होतं. त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण पुढे झालो तो मीच. मला ताईसाठी काहीतरी करायचं होतं. किडनी जुळली नव्हती. डॉक्टरकी येत नव्हती. मला जे येत होतं ते हेच होतं.

मी ते मनापासून केलं. रुग्णाने किंवा घरच्या कोणीतरी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून विनंती भरायची, दुसऱ्या दिवशीची यादी आपोआप मामांच्या फोनवर जायची, एवढंच काम होतं. पण आजारी माणसांची माहिती होती, म्हणून मी घरच्या तिजोरीसारखी काळजी घेतली. पासवर्ड जसेच्या तसे कुठेही साठवले नाहीत. मामांना फक्त नाव आणि गाव दिसेल, आजार दिसणार नाही, असं केलं. फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट सर्व्हरवर पुन्हा तपासली, कारण आमच्या धंद्याचा पहिला नियम फ्लेक्सवरच्या वाक्याच्या बरोबर उलटा आहे. बाहेरून आलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. दर महिन्याला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचो. न उघडलेला बॅकअप म्हणजे दिवाळीनंतरचा बंद डबा, आत लाडू आहेत की मुंग्या ते झाकणावरून कळत नाही.

अध्यक्षांशी माझे दोन वाद झाले. पहिला पासवर्डचा.

"सगळ्यांना एकच ठेवा," ते म्हणाले. "लक्षात राहील."

"सगळ्यांच्या लक्षात राहील, म्हणूनच नको."

"अहो, आपलीच माणसं आहेत."

"आपल्याच माणसांसाठी कुलूप असतं, साहेब. परक्याला आपलं घर कुठे माहीत असतं?"

ते हसले आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला. पुढच्या आठवड्यात कचेरीत गेलो तर ते सगळे पासवर्ड कॅलेंडरच्या शेजारी एका कागदावर, सुवाच्य अक्षरात, नावांसह चिकटवलेले होते. अध्यक्षांचा लाल शाईत होता. मी तो कागद फाडला आणि सगळे बदलले. मला वाटलं, सुरक्षेची बाजू आपण जिंकली.

दुसरा वाद फोटोचा. पहिल्या पानावर अध्यक्षांचा नमस्कार करतानाचा फोटो हवा होता. तो इतका जड होता की डोंगराखाली एका काडीच्या रेंजवर पान उघडायला चहा उकळेल एवढा वेळ लागे. मी फोटो लहान केला. त्यांनी तो पुन्हा मोठा करून घेतला. शेवटी मधल्या आकारावर तडजोड झाली.

उद्घाटनाला नारळ होता. लॅपटॉपवर फोडता येत नसल्याने उंबऱ्यावर फोडला, तरी थोडं पाणी कीबोर्डवर आलंच. ताईला पहिली लाभार्थी म्हणून पुढच्या रांगेत बसवलं होतं. तीन भाषणं होईपर्यंत ती शांत बसली. मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "लाभार्थी म्हणजे मी का रे?"

"हो."

"मग यांच्यात पाण्याची बाटली फक्त मलाच का दिली? मला तीच चालत नाय."

पहिली विनंती तिच्या नावाने भरायची होती. फॉर्म मी भरला, अध्यक्षांनी बटण दाबलं. नाव, गाव, तारीख. मोबाइल नंबरापाशी मी थांबलो नाही. माझ्या फोनमध्ये ताईचा नंबर होता, तो बघून टाकला. हिरवी खूण आली आणि टाळ्या वाजल्या.

तो नंबर ताईचा नव्हता. हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. त्या गावात रेंज फक्त दुकानाच्या ओट्यावर येते, तीही उजव्या टोकाला, जिथे मिठाची गोण ठेवलेली असते. त्यामुळे गेली कित्येक वर्षं गावाने कुठल्याही फॉर्मवर एकच नंबर लिहिला आहे, दुकानदाराचा. रेशनला तो, गॅसला तो, शाळेच्या दाखल्याला तो. कोणाचा सिलिंडर आला, कोणाच्या पोराचा निकाल लागला, कोणाच्या सुनेला सुई घ्यायची तारीख आली, हे आधी दुकानदाराला कळतं आणि मग तो ओट्यावरून हाक मारतो. मी ताईला फोन करायचो तो तिथेच. तो हाक मारायचा, ती अंगणवाडीतून खाली यायची, तोवर मी त्याच्याशी पावसापाण्याचं बोलायचो. पंधरा वर्षं हे केलं. पण माझ्या फोनमध्ये तो नंबर 'ताई' या नावाने होता. त्या नंबरावर गावातली चाळीस घरं राहत होती आणि मला त्यात एकच माणूस दिसत होतं.

उद्घाटनानंतर मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर आम्ही चहाला थांबलो. तिने अर्धा कप घेतला, दिवसाच्या हिशोबात धरून.

"जो विनंती करंल तो यादीत," ती म्हणाली.

"हो."

"आणि जो नाय करणार?"

"त्याला यायचं नसेल."

"यायचं आसंल तर?"

"तर तो विनंती करेल ना, ताई."

"पण तुझ्या यादीला न आलेला कसा कळणार?"

"न आलेली विनंती सर्व्हरला दिसणार कशी?" मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी शिकवणी होती.

डावी चप्पल उजव्या पायात घालून आलेल्या पोराकडे ती जशी बघायची, तशी तिने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

पहिल्याच महिन्यात एक अडचण आली. पान हळू उघडत असल्याने लोक बटण दाबत, काही होत नाही असं बघून पुन्हा दाबत, पुन्हा दाबत. एकाच माणसाच्या चार-पाच विनंत्या येत. सात जणांच्या गाडीत एका मंगळवारी अठ्ठावीस जण बसणार असं यादी सांगत होती. मामांनी मला फोन करून विचारलं, "भाऊ, बाकीचे टपावर का?"

यावर आमच्याकडे चांगला, जुना, आजमावलेला उपाय आहे. तीच विनंती पुन्हा आली तर ती पुन्हा नोंदवायची नाही, पण पाठवणाऱ्याला उत्तर मात्र पहिल्यासारखंच द्यायचं, म्हणजे तो घाबरून परत परत दाबत बसत नाही. कितीही वेळा दाबा, परिणाम एकदाच. हा उपाय आजही बरोबर आहे. फक्त 'तीच विनंती' कोणती, हे ओळखायची खूण ठरवावी लागते. मी खूण ठरवली मोबाइल नंबर आणि तारीख. एक नंबर म्हणजे एक माणूस. नाव घेतलं नाही, कारण लोक नाव दर वेळी वेगळं लिहितात, कधी आडनावासह, कधी नुसतं 'आई'. नंबर कसा स्वच्छ असतो. दहा आकडे.

ते लिहून मी समाधानाने जेवलो, हे मला आठवतं. अळूवड्या होत्या.

दहा महिने ते उत्तम चाललं. त्या गावातून डायलिसिसला जाणारं एकच माणूस होतं.

माझ्यासाठी मी एक पान बनवलं होतं. त्या दिवशीच्या फेरीसाठी किती विनंत्या आल्या, किती अयशस्वी झाल्या, सगळं तिथे दिसे. ठीक असलं की पान हिरवं. पूर्वी मी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी न चुकता दुकानात फोन करायचो, ताई परत आली का विचारायला. ते पान झाल्यावर फोन कमी झाले. हिरवं दिसत होतं. तिला हाक मारून, चढउतार करायला लावून, मी तिला विचारणार काय?

भात पोटरीत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ताईच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला डायलिसिस सुरू करायचं ठरलं. त्याचा पहिला दिवस मंगळवार. सोमवारी संध्याकाळी दुकानदाराने ओट्याच्या उजव्या टोकाला उभं राहून आधी म्हाताऱ्याची विनंती भरली, मग ताईची. दोन्हींना हिरवी खूण आली. 'तुमची विनंती नोंदवली आहे. धन्यवाद.' त्याने ताईच्या घराकडे तोंड करून हाक दिली, "बाई, झालं गो."

मंगळवारी सकाळी गाडी फाट्यावर आली. म्हातारा तिथे उभा होता. ताईचं घर वर, अंगणवाडीच्या बाजूला, फाट्यावरून दिसत नाही. गाडी म्हाताऱ्याला घेऊन गेली.

ताईने कोणाला त्रास दिला नाही. नऊ वाजता तिने दुकानावर निरोप धाडला. दुकानदाराने मंडळात फोन लावला. तिथून उत्तर आलं की नोंद दिसत नाही, आता शुक्रवारी बघू. कल्याणच्या केंद्रातली तिची वेळ तोवर टळली होती. मला कळवायचं का, असं दुकानदाराने विचारलं, तर म्हणाली, "नको, कामात आसंल तो." मंगळवारी संध्याकाळी मी माझं हिरवं पान बघितलं. विनंत्या सहा, अयशस्वी शून्य.

गुरुवारी दुपारी तिला श्वास पुरेना. दाजींनी मिळेल ती जीप केली. म्हसा ओलांडून मुरबाडच्या अलीकडे आल्यावर ती गेली. दाजींना वाटलं, झोप लागली.

कल्याणच्या डॉक्टरांना मी नंतर भेटलो. ते म्हणाले, एक वेळ चुकली की असं होतंच असं नाही. मग म्हणाले, होतंही. मी दुसरं वाक्य धरून आहे.

दहाव्याला नदीवर दाजी माझ्या शेजारी बसले होते. ते कमी बोलतात. म्हणाले, "सकाळी सहापासून पिशवी घेऊन ओटीवर बसली होती. दहा वाजले. मी बोललो, घरात ये. तर बोलली, त्याची यादी हाय, गाडी येल."

कावळा लवकर शिवला. सगळ्यांना बरं वाटलं.

दुकानदार त्या दिवशी दोनदा माझ्याजवळ आला. मी दोन्ही वेळा दुसरीकडे बघितलं. माझ्या मनात हिशोब झाला होता. त्याने ताईची विनंती भरलीच नसणार, किंवा भरताना चुकला असणार, आणि आता हिरव्या खुणेचं खोटं सांगतो आहे. तिसऱ्यांदा त्याने मला गाठलंच.

"मी भरली होती रे. दोन्ही भरल्या. हिरवं आलं."

"नाव नीट टाकलं होतं?"

"बाईंचं नाव मी चुकवीन? माझी तिन्ही पोरं तिच्या हाताखालनं गेली."

"मग नोंद का नाही?"

"ते तू सांग. मशीन तुझं हाय."

बाहेरून आलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. मी ठेवला नाही. वाशिंदला परतलो आणि त्याचं खोटं सिद्ध करायला सर्व्हरची रोजनिशी उघडली. आमच्याकडे प्रत्येक विनंतीची तिथे एक ओळ पडते, कोणी काही पुसू शकत नाही. ही काळजीही मीच घेतलेली. सोमवार, पाच वाजून अठरा मिनिटं, म्हाताऱ्याचं नाव, नोंदवली. पाच वाजून एकोणीस मिनिटं, ताईचं नाव, पूर्ण आणि बरोबर लिहिलेलं. पुढे शेरा: 'तीच विनंती पुन्हा आली. दुर्लक्ष. यशस्वी उत्तर पाठवले.'

शेऱ्याची भाषा माझीच. मराठीत लिहिला होता, मंडळातल्या लोकांना समजावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलने किन्हवलीवरून मुरबाडला गेलो आणि तिथून वर. दुकानदार गोणीतून कांदे निवडत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं की त्याने भरलं होतं ते बरोबर होतं, आणि एका नंबरावरून दुसरी विनंती आली म्हणून माझ्या नियमाने ती टाकून दिली. त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे गावात नंबर एकच हाय, हे मशीनला म्हायत नव्हतं?"

"नाही."

"तुला तर म्हायत होतं."

त्याने एक कांदा बाजूला टाकला. मग फळीवरून बिस्किटाचा पुडा काढला, मला दिला आणि म्हणाला, "बस. ऊन हाय." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. कोणी तरी काढावा असं मला वाटत राहिलं.

मामा मुरबाडच्या स्टँडवर भेटले. मी विचारण्याआधीच बोलू लागले. "भाऊ, मी म्हाताऱ्याला विचारलं, बाई कुठंय. तो बोलला, म्हायत नाय. मग मी यादी बघितली. यादीत नाय. वर जाऊन हॉर्न देणार होतो. पण मंडळाचा नियम हाय, यादीबाहेरचा माणूस घ्यायचा नाय. आणि मी बोललो, यादी तिच्या भावाची. भाऊ बहिणीचं नाव गाळंल का? म्हणजे ती वाशिंदला तुमच्याकडंच गेली आसंल."

ते आपली बाजू मांडत होते. मला टोचावं असा त्यांचा हेतू नव्हता.

"वही असती तर, मामा?"

"वहीत घर होतं," ते म्हणाले. "घर काय यादीतून जातं का?"

वही उद्घाटनाच्या दिवशी मंडळाने समारंभपूर्वक ताब्यात घेतली होती. काचेच्या कपाटात, ढालींच्या शेजारी, 'जुनी पद्धत' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती.

मी दोन पानांचा अहवाल लिहिला. काय झालं, का झालं, चूक कोणाची, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. आमच्या कंपनीत असे अहवाल कोणाचंही नाव न घेता लिहायची रीत आहे, म्हणजे लोक खरं सांगतात. मी नाव घेतलं. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी पहिला परिच्छेद वाचला आणि कागद खाली ठेवला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सिस्टम आहे, होतं असं."

"सिस्टमने काही केलं नाही, साहेब. तिला सांगितलं तेच तिने केलं."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची ठरली. चाळीस सेकंदांनी कोणाचा तरी फोन वाजला आणि सगळे बसले. पुढचा विषय उपक्रमाच्या वर्षपूर्तीचा होता. वर्षभरात प्रणाली एकदाही बंद पडली नाही, याबद्दल माझा सत्कार करावा, अशी सूचना आली. मी शाल नको म्हणालो आणि त्याऐवजी वही मागितली. कपाटाची किल्ली सापडायला अर्धा तास लागला. जुना फ्लेक्स गुंडाळून कोपऱ्यात उभा होता, तो दुकानदाराने मागून ठेवला होता, तोही घेतला. वही मी मामांना दिली. त्यांनी कव्हरावरची धूळ झटकली आणि ती गाडीत पुढच्या काचेपाशी, तिच्या जुन्या जागी ठेवली.

मग मी दुरुस्तीला बसलो. विनंतीची खूण बदलली, नंबर काढून माणूस धरलं. मामांच्या वहीवरून प्रत्येक रुग्णाला स्वतःचा क्रमांक दिला आणि त्यापुढे घर लिहिलं, पिंपळ आणि चिंच यांसकट. दुसरी विनंती टाकून दिली जाते तेव्हा तसं स्पष्ट सांगणारं वेगळं उत्तर केलं, हिरवं नसलेलं. अध्यक्षांचा फोटो पहिल्या पानावरून काढला. तो गेल्याचं त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आणि शेवटी ती एक गोष्ट. सर्व्हर रोज सकाळी दोन याद्या समोरासमोर ठेवतो. एक आज कोण येणार याची, दुसरी या वारी नेहमी कोण येतं याची. दुसरीत आहे आणि पहिलीत नाही असं माणूस सापडलं की गाडी निघण्याआधी मामांच्या फोनवर इशारा जातो. न आलेली विनंती सर्व्हरला दिसते. तिच्यासाठी फक्त तसं विचारावं लागतं. इशाऱ्यावर काय लिहायचं याचा विचार करायची गरज पडली नाही. 'आज कोण नाय?' असंच लिहिलं आणि खाली नाव, घर. मामांना उत्तर द्यायला दोन बटणं ठेवली. 'येणार' आणि 'येणार नाही'.

हे सगळं करायला दीड दिवस लागला. चहाच्या टपरीवर ताईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दीड दिवसाचं होतं. ते माझ्याकडे अकरा महिने पडून होतं.

मंगळवारी सकाळी ते पहिल्यांदा चालू झालं. मी वाशिंदला घरी पडद्यासमोर बसलो होतो. पाचला पाच मिनिटं कमी असताना दोन्ही याद्या जुळवून झाल्या आणि एक इशारा गेला. अंगणवाडीच्या बाजूला, बाई, तयार असते.

रुग्णाला कायमचं यादीतून काढायची सोय मी सुरुवातीलाच केलेली होती. ती वापरायची राहिली होती. असं आता म्हणतो. खरं म्हणजे त्या पानावर मी दोनदा गेलो होतो आणि दोनदा परत आलो होतो.

मामांचं उत्तर लगेच आलं नाही. गाडी कुठे गेली ते त्यांचा फोन नोंदवून ठेवतो आणि रेंज आली की मला दिसतं. ती फाट्यावर थांबली, म्हाताऱ्याला घेतलं, आणि मग कल्याणकडे वळायच्या ऐवजी वर चढली. अंगणवाडीच्या बाजूला दोन मिनिटं उभी राहिली. हॉर्न दिला की नाही, ते मी त्यांना विचारलेलं नाही.

सहा वाजून बारा मिनिटांनी, खाली दुकानाच्या ओट्यापाशी रेंज आल्यावर, त्यांनी दुसरं बटण दाबलं. सर्व्हरने ते एकशे चाळीस मिलिसेकंदांत नोंदवून घेतलं आणि हिरवी खूण पाठवली.